नारळीकर सर आणि आम्ही मागच्या बाकावरचे

खडूवाला | २१ मे २०२५, रात्री ११.४०

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर काल गेले. वर्तमानपत्रांत सगळं येऊन गेलंय. कोल्हापूरचा जन्म, बनारस, केंब्रिज, गुरू फ्रेड हॉइल, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण, विज्ञानकथा, नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद. ते परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते एका योजनेबद्दल. काल दिवसभर टीव्हीसमोर बसलो होतो. मी पाहिलेल्या एकाही वाहिनीने तिच्यावर अर्धं मिनिट खर्च केलं नाही.

मी लातूरपासून तासाभरावरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. बी.एस्सी.पर्यंतच. विभागात आम्ही तिघं, एक शिपाई, आणि प्रयोगशाळेत दोन स्पेक्ट्रोमीटर, त्यातला एक कायम 'दुरुस्तीला'. एम.फिल.ला सापेक्षतावाद घेतला होता, तो नोकरी लागल्यावर ट्रंकेत गेला. ग्रंथालयात संशोधनाचं नियतकालिक असं एकही येत नव्हतं. स्पर्धा परीक्षांची मासिकं मात्र भरपूर.

आयुका, म्हणजे पुण्याचं आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, १९८८ साली निघाली ती विद्यापीठ अनुदान आयोगाची संस्था म्हणून. नावातच 'आंतरविद्यापीठ' आहे, पण लोक तो शब्द गिळून टाकतात आणि 'नारळीकरांची आयुका' म्हणतात. सगळा मुद्दा त्या शब्दात आहे. कल्पना अशी की देशभरच्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत एकटेदुकटे पडलेले जे मास्तर आहेत, त्यांनी सुट्टीत इथे यावं, राहावं, वाचावं, कुणाबरोबर तरी काम करावं आणि परत जाऊन शिकवावं. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च संस्थेचा. 'व्हिजिटिंग असोसिएट' म्हणायचे. तीन वर्षांसाठी नेमणूक. यशपाल तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते, त्यांनी हे नारळीकरांच्या गळ्यात घातलं. सर मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये स्वतःचं संशोधन करत सुखात होते. पुण्यात येऊन बांधकाम, फायली, नेमणुका असला संसार मांडायची त्यांना काही गरज नव्हती.

मी पहिल्यांदा गेलो १९९३ च्या मे महिन्यात, एका ओळखवर्गाला. लातूरहून रात्रीचा लाल डबा, पहाटे शिवाजीनगर, तिथून पीएमटी. विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा हातात वळकटी होती. अतिथिगृहात गादी, चादर सगळं होतं हे पाहून ती वळकटी पलंगाखाली लपवली.

पहिल्याच दुपारी तो लंबक दिसला. फुकोचा लंबक, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा. मी बी.एस्सी.च्या पोरांना पंधरा वर्षं फळ्यावर काढून दाखवत होतो, प्रत्यक्ष कधी पाहिलाच नव्हता. खिशात खडू होता (असायचाच), वहीचं पान फाडून खाली ठेवलं, कंपासपेटीतला कोनमापक काढला आणि घड्याळ लावून बसलो. उत्तर ध्रुवावर त्याच्या डोलण्याची दिशा एका दिवसात पूर्ण फिरते. खाली विषुववृत्ताकडे यावं तसा वेळ वाढत जातो, चोवीस तासांना अक्षांशाच्या साइनने भागायचं. पुण्याला सुमारे ७५ तास येतात, म्हणजे तासाला पावणेपाच अंश. पॅरिसला ३२ तासांत काम उरकतं.

दोन तास बसलो. चहाही घेतला नाही. सर तिकडून चालले होते. थांबले, माझ्या वहीकडे पाहिलं, आकडा किती आला ते विचारलं. मी म्हणालो, दहा अंश, यायला हवे होते साडेनऊ. त्यांनी मान हलवली आणि गेले. बस, एवढंच. त्या क्षणापर्यंत मला भीती होती की कुणीतरी येऊन विचारेल, इथे काय करताय.

पुढे मी असोसिएट झालो. आमच्या प्राचार्यांनी पहिल्या वर्षी ड्युटी लीव्ह नाकारली. खगोलशास्त्र तुमच्या सिलॅबसला आहे का, हा त्यांचा प्रश्न. नव्हतंच, काय सांगणार. अर्जित रजा टाकून गेलो. रात्री जेवून ग्रंथालयात बसायचं आणि येताना झेरॉक्सची पिशवी भरून आणायची. ती पिशवी अजून आहे, वरच्या खणात, शाई उडत चाललीय.

खरं सांगायचं तर एवढं करून माझ्या नावावर एकच शोधनिबंध आहे, तोही दोघांत मिळून, आणि तो फारसा कुणी वाचला असेल असं वाटत नाही. पण मी मास्तर बदललो. किती बदललो ते मला सांगता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी इथे असेल तर त्याने सांगावं, चांगलं-वाईट दोन्ही.

---

नभांगण | २२ मे, सकाळी ७.१५

खडूवाला सर, दंडवत. कैक महिने रोमात (नुसती वाचत) होते, तुमच्यासाठी लॉगिन केलं.

मी विद्यार्थिनी तुमची नव्हे, पण तुमच्यासारख्याच एका असोसिएट सरांची, विदर्भातल्या. त्यांच्या पिशवीतल्या झेरॉक्सवर आमच्या तीन बॅचेस शिकल्या. आता मी याच विषयात काम करते. आमच्या क्षेत्रात कुठल्याही परिषदेत गेलं आणि 'तुम्ही या विषयात कशा आलात' म्हणून विचारलं की दर चार-पाच माणसांमागे एकाच्या उत्तरात असा कुणीतरी गावाकडचा सर निघतो. मोजमाप नाही केलेलं, माझा अनुभव आहे.

---

पोस्टकार्ड_१५_पैसे | २२ मे, सकाळी ९.०२

माझा आयडी कुठून आला हे आज सांगतो.

नारळीकर मुलांना नुसती सही देत नसत. सही हवी असेल तर घरी जाऊन पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करून पाठवीन, असा त्यांचा नियम. आमच्या शाळेतून आयुकातल्या दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानाला नेलं होतं. सहावीत होतो. व्याख्यान संपल्यावर वह्या घेऊन पोरांची ही झुंबड, आणि सगळ्यांना हेच उत्तर. मित्र वैतागला, "पंधरा पैसे घालवायचे होय!" मी घालवले.

प्रश्न काय विचारू यातच पंधरा दिवस गेले. आईला विचारलं, ती म्हणाली तुझा तू शोध. शेवटी लिहिलं: रात्री एवढे तारे असतात तरी आकाश काळं का? मला वाटलं, भलताच बावळट प्रश्न झाला. पुढे बारावीला कळलं की याला ऑल्बर्सचा विरोधाभास म्हणतात आणि मोठमोठ्या लोकांनी त्यावर डोकं फोडलंय.

उत्तर आलं. मराठीत, चार ओळी, बारीक अक्षर, खाली सही. पत्ता पण हातानेच लिहिलेला. पोस्टमनकाकांनी वाटेत वाचलं असणार, कारण त्यांनी मला अंगणातच विचारलं, "काय रे, आकाश का काळं?"

मी पुढे कॉमर्सला गेलो. जीएसटीची रिटर्न्स भरतो. कार्ड फ्रेम केलेलं नाही, पासबुकांच्या फायलीत आहे.

---

शंकासुर | २२ मे, सकाळी ११.३०

श्रद्धांजली आहेच. पण धाग्यात सगळे गहिवरलेत म्हणून एक प्रश्न. ज्या सिद्धांतासाठी ते प्रसिद्ध झाले तो चूकच ठरला ना? स्थिर स्थिती विश्व, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच आहे. १९६५ साली आकाशात सगळीकडून येणारं पार्श्वप्रारण (महास्फोटाची खूण) सापडलं आणि विषय संपला. तरी ते शेवटपर्यंत महास्फोट (बिग बँग) मानायला तयार नव्हते. मग वैज्ञानिक म्हणून मोठे कसे? प्रामाणिक प्रश्न आहे, धावून येऊ नका.

---

चहाबाज | २२ मे, सकाळी ११.३४

आला, वाटच बघत होतो. 🍿

---

नभांगण | २२ मे, दुपारी १.५०

शंकासुर, प्रश्न रास्त आहे, धावून येत नाही. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

हो, विश्वशास्त्रातल्या बहुसंख्य लोकांनी ते मॉडेल सोडलं. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकरांनी त्याची सुधारलेली आवृत्ती मांडली, तीही फारशी कुणी उचलली नाही. मलाही ती पटत नाही. पण हॉइल-नारळीकरांचं गुरुत्वाकर्षणावरचं काम वेगळं, आणि 'चूक ठरलं' म्हणजे फुकट गेलं असं विज्ञानात होत नाही. प्रतिस्पर्धी तगडा होता म्हणून निरीक्षणं तगडी करावी लागली.

१९६१ ची गोष्ट बघा. केंब्रिजच्याच मार्टिन राइलने आकाशातल्या रेडिओ लहरी सोडणाऱ्या स्रोतांची मोजणी जाहीर केली. हॉइलच्या स्थिर स्थितीच्या सिद्धांतावर घाव होता तो. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर द्यायचं, आणि हॉइलना त्या दिवशी दुसरीकडे व्याख्यान. त्यांनी पाठवलं कुणाला, तर संशोधनाला लागून वर्षही नीट न झालेल्या बावीस वर्षांच्या नारळीकरांना. पोरगं घाबरलं असणार. पण उभं राहिलं.

आता याची दुसरी बाजू. आयुका त्यांची. संचालक ते, २००३ पर्यंत. मनात आणलं असतं तर निम्म्या लोकांना स्थिर स्थितीवर कामाला लावलं असतं. आपल्याकडे संस्था तशाच चालतात, सगळ्यांना माहितीय. पण तिथे कुणी पार्श्वप्रारणावर काम करत होतं, कुणी आकाशगंगांवर. संजीव धुरंधरांचा गट गुरुत्वलहरी शोधायच्या गणितात होता, तोही लहरी सापडायच्या कितीतरी आधीपासून. ज्या विश्वावर संस्थापकाचा विश्वास नाही त्याच विश्वाचं मोजमाप त्याच्या पगारावरचे लोक करतायत, आणि तो त्यांना खोल्या, संगणक, प्रवासखर्च मिळवून देतोय. मला विचाराल तर मोठेपण इथे आहे.

---

शंकासुर | २२ मे, दुपारी २.१०

पटलं. निम्मं. धन्यवाद.

---

चहाबाज | २२ मे, दुपारी २.११

शंकासुर यांना निम्मं पटलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कोणीतरी.

---

गणितवाली_बाई | २२ मे, संध्याकाळी ५.४०

सरांबद्दल लिहिताना त्यांच्या पत्नी मंगलाताई राहून जातात, म्हणून मी लिहिते. १७ जुलै २०२३ ला त्या गेल्या. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत.

त्या स्वतः गणितज्ञ. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'बावीस' बरोबर 'वीस दोन' आलं तेव्हा सगळा महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला होता. याच संकेतस्थळावरचे धागे आठवा (आणि आपापले प्रतिसाद पण आठवा, मी नावं घेत नाही). त्या बालभारतीच्या गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. मी तेव्हा दुसरीलाच शिकवत होते. माझ्या वर्गातल्या पोरांना 'त्रेसष्ट' लिहायला सांगितलं की निम्मी ३६ लिहायची, कारण ऐकू आधी तीन येतो. 'साठ तीन' म्हटलं की चूक बंद. मला ते पटलं होतं, स्टाफरूममध्ये मी एकटी होते.

आणि ती कथेची गंमत. १९७४ ची मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा. सरांना नावाच्या वजनावर बक्षीस नको होतं, म्हणून 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवली. आद्याक्षरं उलटी वाचा. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा लिहून काढली मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस मिळालं. गोष्ट सांगताना सगळे जगतापांपाशी थांबतात. मला मात्र घरचं आवरून रात्री ती कथा स्वच्छ अक्षरात उतरवणारी गणितातली बाई दिसते.

---

तांबडा_पांढरा | २२ मे, रात्री ८.२५

आमच्या कोल्हापूरचं कुणी काढलंच नाही म्हणून. खडूवाला सरांच्या सूत्राने हिशेब केला: कोल्हापूरचा अक्षांश १६.७, साइन ०.२८७, चोवीसला भागलं तर ८३ तास आणि वर थोडं. म्हणजे लंबक कोल्हापुरात लावला तर पुण्यापेक्षा आठ तास निवांत फिरणार.

कोल्हापूरकर म्हणून अभिमान वाटला. आम्हाला कसलीच घाई नसते.

---

राहू_केतू | २२ मे, रात्री ९.१०

त्यांच्याबद्दल आदर आहे पण ज्योतिषशास्त्राचा अभ्यास न करता त्यांनी त्यावर टीका केली हे खटकतं.

---

पोस्टकार्ड_१५_पैसे | २२ मे, रात्री ९.३२

अभ्यास न करता? उलट त्यांनी नुसती टीका न करता चाचणी घेतली. २००८ साली, अंनिसचे नरेंद्र दाभोलकर, ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे आणि विद्यापीठातले संख्याशास्त्राचे कुंटे यांच्याबरोबर. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या ४० द्यायच्या, कुठली कुणाची एवढंच सांगायचं. ५१ जण तयार झाले, उत्तरं पाठवली २७ जणांनी. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती. एका संस्थेने सगळ्या दोनशे घेतल्या, त्यांची १०२ बरोबर. मी हिशेबनीस माणूस आहे, मला आकडे कळतात.

---

राहू_केतू | २२ मे, रात्री ९.४०

त्या ज्योतिष्यांची पात्रता काय होती? २७ हा नमुना पुरेसा आहे का? वेगळा धागा काढतो.

---

खडूवाला | २२ मे, रात्री ९.५५

काढा, जरूर काढा, मी तिथे येतो. इथे नको. नमुना पुरेसा आहे का हा प्रश्न मात्र चांगला विचारलात, आमच्या वर्गात असतात तर पुढच्या बाकावर बसवलं असतं.

---

आकाशकंदील | २३ मे, सकाळी ६.५०

सर, मी सांगतो. तुम्ही विचारलंत ना विद्यार्थ्यांपैकी कुणी आहे का.

१९९४ ला मी एस.वाय.ला होतो. तुम्ही आयुकातून दुर्बीण बनवायचं शिकून आला होतात आणि हिवाळ्यात आम्हा चौघांना कामाला लावलंत. सहा इंची काचेच्या दोन जाड चकत्या. एक खाली तेलाच्या पिंपावर बसवलेली, दुसरी वर, मधे पाणी आणि कार्बोरंडमची पूड. घासायचं, थोडं वळायचं, पुन्हा घासायचं, पिंपाभोवती फिरत. वरची (तीच पुढे दुर्बिणीचा आरसा) आपोआप खोलगट होते आणि खालची फुगते, हे आम्हाला खोटं वाटलं होतं. पुडीचा नंबर (कणांचा जाडपणा) बदलताना तुम्ही सगळ्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावायचात. आधीचा एक जाड कण जरी राहिला तर आठवड्याच्या कामावर ओरखडा. माझ्या नखात राहिला होता. ओरखडा पडला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, मागचा नंबर परत काढलात. मला आठ दिवस झोप नव्हती.

शेवटी राळेवरची पॉलिश, आणि मग ब्लेडचं पातं आणि बल्ब घेऊन अंधारात केलेली फुकोची चाचणी. पात्याने प्रकाश कापत नेला की आरशावरचे उंचवटे चंद्रावरच्या डोंगरांसारखे दिसायचे. लंबकवाला फुको आणि हा फुको एकच, हे तुम्ही त्याच रात्री सांगितलंत.

जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले. अख्खा आठवडा पाऊस. शेवटी एका संध्याकाळी तासभर उघडलं. कॉलेजच्या गच्चीवर, चिखलाच्या चपलांनी. गुरूच्या कडेला काळे डाग दिसले, पेन्सिलीने टिंब दिल्यासारखे. प्राचार्य पण वर आले होते, त्यांनी दोनदा पाहिलं. सिलॅबसबद्दल काही बोलल्याचं आठवत नाही.

वाईट पण सांगतो, तुम्ही म्हणालात म्हणून. उष्मागतिकी तुम्ही आम्हाला घाईत शिकवलीत. सगळ्यांचे मार्क गेले.

---

खडूवाला | २३ मे, सकाळी ८.२०

नखातला कण! अरे, तू होय. ओरखडा अजून आहे, कडेपासून बोटभर आत.

उष्मागतिकीचं मान्य. मार्चमध्ये उरकली होती, माझंच चुकलं.

---

तांबडा_पांढरा | २३ मे, सकाळी ९.००

सर, आरसा आहे कुठे सध्या?

---

खडूवाला | २३ मे, सकाळी ९.४५

माझ्याकडे. निवृत्त होताना कॉलेजच्या डेडस्टॉकात टाकत होते, लिहून देऊन घरी आणला. जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत आहे. अॅल्युमिनियमचा मुलामा गेलाय, मधे काळपट ढग आल्यासारखं झालंय. मुलामा पुन्हा द्यावा लागेल.

---

आकाशकंदील | २३ मे, सकाळी ९.५२

मी पुण्यातच असतो सर. पुढच्या रविवारी लातूरला लग्न आहे, येताना घेऊन जातो. नळी आणि स्टँड आहे का?

---

खडूवाला | २३ मे, सकाळी १०.०५

नळी गेली, उंदरांनी खाल्ली. पुठ्ठ्याची होती. स्टँड आहे, त्यावर सध्या कुंडी आहे.

ये रविवारी. जेवायलाच ये. गुरू आता सूर्याजवळ गेलाय, काही उपयोग नाही. दिवाळीनंतर रात्री उशिरा वर यायला लागेल, तोवर नळीचं बघू. आणि हात धुऊन ये.